प्रोसेसर बदलावा का?

परवा रात्री नातवाचा पुण्याहून फोन आला. एरवी "आबा, कसे आहात" झालं की फोन आजीकडे जातो. ह्या वेळी नाही गेला. "आबा, एक निर्णय द्यायचाय. बाबा म्हणतो थांब, मी म्हणतो आत्ताच. तुम्ही सांगाल ते फायनल."

प्रश्न त्याच्या खेळायच्या कॉम्प्युटरचा होता. २०१८ साली मुलाने तो जुळवून घेतला होता. प्रोसेसर रायझन ५ १६००, बोर्ड बी३५०. दोन वर्षांपूर्वी त्यात नवं ग्राफिक्स कार्ड बसलं. आता ह्याला प्रोसेसर बदलायचा आहे. मुलाचं म्हणणं, पुढच्या वर्षी हा कॉलेजला जाईल, तेव्हा सगळाच नवा घेऊ, आज जुन्या गाडीला नवं इंजिन कशाला? पैसे निम्मे नातवाने साठवलेले, निम्मे मी बारावीसाठी कबूल केलेले. म्हणून मी पंच.

मी मराठी माध्यमातला बीए. पस्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला. कुठलाही प्रश्न आला की आधी सनावळी काढायची खोड आहे, ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. शिवाय ह्या प्रश्नावर मी एकदा निकाल देऊन बसलेलो आहे. तो चुकला होता. ते नंतर सांगतो.

"हे पुरेल का आता?" हा प्रश्न पर्सनल कॉम्प्युटरइतकाच जुना आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, त्यात इंटेलचा ८०८८ होता, ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्या काळच्या काही खेळांची चाल थेट ह्या वेगावरच बांधलेली असे. मग जास्त वेगाची यंत्रं आली आणि हे खेळ इतके सुसाट पळायला लागले की माणसाला खेळताच येईना. त्यावर उपाय म्हणून कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचं बटण आलं. नाव टर्बो, पण खरा उपयोग यंत्र हळू करण्यासाठी! नवा प्रोसेसर घेतला आणि खेळ बिघडला, अशीही एक अवस्था होऊन गेली आहे.

१९८९ साली ४८६ आला. त्यात गणिताचा वेगळा विभाग, म्हणजे अपूर्णांकांची आकडेमोड करणारा भाग, प्रोसेसरच्या पोटातच होता. १९९१ मध्ये इंटेलने त्याची स्वस्त आवृत्ती काढली, ४८६ एसएक्स. सुरुवातीच्या एसएक्समध्ये हा गणिताचा विभाग नुसता बंद करून ठेवलेला असे. पुढे गणित हवं झालं तर ४८७ नावाची चिप विकत घेऊन शेजारच्या खाचेत बसवायची. गंमत अशी की हा ४८७ म्हणजे पूर्ण ४८६च होता. तो बसवला की जुना एसएक्स गप्प बसे आणि सगळं काम नवाच करी. जुन्याला घरचा म्हातारा म्हणून जागेवर ठेवायचं, एवढंच. (ह्या ओळीवर सौ.ने माझ्याकडे पाहिलं.)

पण 'प्रोसेसर बदलू का' हा प्रश्न मुलांच्या तोंडी आणला तो खेळांनी. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला. त्याची सगळी आकडेमोड पूर्णांकांत होती, त्यामुळे बऱ्यापैकी ४८६ असला की छान चाले. जून १९९६ मध्ये त्याच कंपनीचा 'क्वेक' आला. तो खरोखर त्रिमिती होता आणि त्याची मदार अपूर्णांकांच्या गणितावर. मायकेल अ‍ॅब्रॅश ह्या प्रोग्रॅमरने तो पेन्टियमच्या गणित-विभागाला डोळ्यांपुढे ठेवून घासूनपुसून लिहिला होता. त्या वेळी सायरिक्स कंपनीचा ६x८६ बाजारात होता. कचेरीच्या कामात तो पेन्टियमच्या बरोबरीने, कधी पुढेही जाई. पण त्याचा गणिताचा विभाग कच्चा. क्वेकमध्ये तो मागे पडला.

वर्गात अशी मुलं मी पुष्कळ पाहिली. भाषेत पहिला, गणितात रडतखडत. पेपर कुठला आहे त्यावर हुशार कोण ते ठरतं. प्रोसेसर चिपमध्ये तोच, पण डूमच्या पेपरात पास आणि क्वेकच्या पेपरात नापास.

आता बोर्डाकडे येतो, कारण नुसता प्रोसेसर कधी बदलता येत नाही, तो बसायला तशी खाच लागते. ह्या खाचेला सॉकेट म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या मध्याला सॉकेट ७ नावाचं होतं. त्यात इंटेल, एएमडी, सायरिक्स, कुणाचीही चिप बसे. बाजूची दांडी वर करायची, जुनी उचलायची, नवी ठेवायची, दांडी खाली. ग्राहकाचं राज्य. मे १९९७ मध्ये इंटेलने पेन्टियम टू काढला, तो वेगळ्याच लांबोडक्या खाचेत उभा बसणारा. एएमडीने जुनं सॉकेट पुढे चालवलं खरं, पण एकाच बोर्डावर कुणाचीही चिप हे दिवस तिथून ओसरत गेले. आपण प्रोसेसर बदलावा का हे ठरवायच्या आधी, आपल्याला तो बदलता येईल का हे कंपनी ठरवून मोकळी झालेली असते.

ह्या सगळ्या काळात जाहिरातीत मात्र एकच आकडा मोठा छापलेला असे, मेगाहर्ट्झ. मार्च २००० मध्ये एएमडीने एक हजाराचा टप्पा गाठला, दोनच दिवसांत इंटेलनेही. त्याच वर्षी पेन्टियम ४ आला, दीड हजाराचा.

आणि इथे माझी गोष्ट येते. साल २००१. मुलगा इंजिनियरिंगला. घरात असेंबल केलेला कॉम्प्युटर होता, ५३३ मेगाहर्ट्झचा, चित्रं दाखवायची सोय बोर्डावरच. मुलाने ग्राफिक्स कार्ड मागितलं. "अप्पा, प्रोसेसर ठीक आहे, चित्रं काढणारं कुणी नाहीये." मला वाटलं, कार्ड म्हणजे निव्वळ खेळाचे लाड. प्रोसेसर म्हणजे मेंदू, त्यावर खर्च केला तर अभ्यासालाही कामी येईल. मी जास्त पैसे घालून ८००चा प्रोसेसर आणला आणि ऐटीत त्याच्या टेबलावर ठेवला. तो "थँक्यू अप्पा" म्हणाला. त्याचे खेळ जसे अडखळत होते तसेच अडखळत राहिले. खोलीसमोरून जाताना मला ते दिसायचं. तो कधी बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. आठवतंय ते एवढंच की त्या कॅबिनेटच्या झाकणाचा एक स्क्रू कायम सैल असायचा. मी दर रविवारी पिळायचो आणि दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायचो.

असो.

१९६५ साली गॉर्डन मूर ह्यांनी एका लेखात लिहिलं होतं की चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्यांनी ते दर दोन वर्षांवर आणलं. लोकांनी त्याचा अर्थ 'वेग दुप्पट' असा घेतला. बरीच वर्षं तो खराही ठरला, कारण घटक लहान होत तसे ते कमी विजेवर, जास्त वेगाने चालत. पुढे चिप इतक्या तापायला लागल्या की ते गणित बिघडलं. पेन्टियम ४ चार हजार मेगाहर्ट्झपर्यंत न्यायचा बेत इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये सोडून दिला. त्याच महिन्यात एका परिषदेत कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट ह्यांनी व्यासपीठावर चक्क गुडघे टेकले होते. पुढच्या वर्षापासून घरगुती कॉम्प्युटरात दोन-दोन गाभ्यांचे प्रोसेसर आले. एक माणूस जास्त पळेना तेव्हा दोन माणसं लावली.

तेव्हापासून हा निर्णय अवघड झाला आहे. एका आकड्यावर निकाल लावता येत नाही. गाभे किती, एकेका गाभ्याचा झपाटा किती, जवळची स्मृती, म्हणजे कॅश, किती. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने ५८००एक्स३डी काढला, तो त्याच्याच जुन्या भावापेक्षा, ५८००एक्सपेक्षा, मेगाहर्ट्झमध्ये कमी होता, पण चिपवर आणखी एक थर रचून कॅश ९६ एमबी केलेली. खेळात त्याने भावाला मागे टाकलं. हाताशी वह्या असल्या की स्टाफरूमच्या कपाटापर्यंत खेटे घालावे लागत नाहीत.

एवढं वाचून झाल्यावर मी नातवाला फोन केला. म्हटलं, निकाल नंतर, आधी प्रयोग. कोण कुणासाठी थांबतंय ते बघ. चित्राचा आकार कमी केला की काम हलकं होतं ते ग्राफिक्स कार्डाचं, प्रोसेसरचं जवळजवळ तेवढंच राहतं. आकार कमी करून फ्रेम्स वाढल्या तर अडलेलं कार्ड. नाही वाढल्या तर अडलेला प्रोसेसर.

त्याने संध्याकाळी आकडे वाचून दाखवले. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मोठ्या चित्राला ११८ फ्रेम्स, लहान चित्राला १२१. सायबरपंक २०७७ मध्ये मात्र ५४ च्या ७० झाल्या. "तू जास्त काय खेळतोस?" "काउंटर-स्ट्राइक, आबा." म्हणजे पोराचं म्हणणं खरं होतं.

राहिला बोर्डाचा प्रश्न. त्याचं सॉकेट एएम४, २०१६ साली आलेलं. ह्या सॉकेटचा इतिहास वाचण्यासारखा आहे. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं की पुढचे प्रोसेसर जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. बऱ्याच बोर्डांवरच्या बायोसच्या चिपमध्ये जेमतेम १६ एमबी जागा, सगळ्या प्रोसेसरांची माहिती त्यात मावत नाही, असं कारण दिलं. ग्राहकांनी इतका आरडाओरडा केला की त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. आणि २०२२ मध्ये त्याहून जुन्या ३०० मालिकेलाही परवानगी मिळाली. म्हणजे नातवाचा बी३५०, जो नियमाने केव्हाच निवृत्त व्हायचा, तो लोकांच्या ओरड्यामुळे नोकरीत राहिला. उलट नवं एएम५ घ्यायचं तर बोर्ड नवा, रॅम डीडीआर५, तीही नवी. मुलाच्या 'सगळाच नवा'चा अर्थ हा होता.

नातवाला हवा होता एक्स३डी. मी ५६०० वर निकाल दिला. त्याच्या १६०० प्रमाणेच ६५ वॅटचा, जुना पंखा पुरेल, त्या साध्या बोर्डावर ताण नाही. उरलेले पैसे कॉलेजच्या वेळी होतील. त्याने थोडं तोंड वाकडं केलं (फोनवरही कळतं), पण मानलं.

रविवारी मी पुण्याला गेलो. येत्या गुरुवारी त्याला सुट्टी होती, पण तो वार मी मुद्दाम टाळला. दुरुस्तीसाठी पुण्यात गुरुवारी वीज कधी जाईल ह्याचा भरवसा नाही, आणि बायोस बदलताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. बायोस आधी जुन्या प्रोसेसरवरच बदलावं लागतं, नवा त्याला ओळखतच नसतो. ते यूपीएसवर झालं. मग अर्धा तास खेळ चालू ठेवायला सांगितला. मुलगा म्हणाला, हे कशाला? म्हटलं, ह्या चिपला पिना खालच्या बाजूला असतात, आणि मधला लेप थंड असला की पंख्याबरोबर चिपही उपटून येते. लेप गरम झाला की सुटतो. पंखा सरळ ओढायचा नाही, हळूच पिळायचा.

नातवाने कॉम्प्युटर बंद केला, तारा काढल्या आणि पंखा पिळला. सुटला. दांडी वर केली, जुनी चिप उचलून डबीत ठेवली, नवी कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून ठेवली, दांडी खाली. चालू केल्यावर पहिली दोन मिनिटं पडद्यावर काहीच नाही. कुणी बोललं नाही. मग आलं. काउंटर-स्ट्राइक ११८ वरून १७० च्या पुढे गेला आणि पोरगं आईला बोलवायला धावलं.

खोलीत आम्ही दोघेच उरलो तेव्हा मुलाला म्हटलं, "तुला २००१ साली कार्ड हवं होतं. मी प्रोसेसर आणला. चुकलंच माझं."

तो झाकण लावत होता. म्हणाला, "अप्पा, कार्ड मित्राकडून आणायचो मी. तुम्ही झोपलात की बसवायचो आणि पहाटे काढून दप्तरात टाकायचो. दिवसा तुम्हाला दिसायचं ते कार्डाशिवायचं."

मग हातातला स्क्रू मला दाखवून म्हणाला, "हा घट्ट केला की रात्री उघडताना आवाज व्हायचा. तुम्ही दर रविवारी पिळायचात, मला सोमवारी परत सैल करावा लागायचा."