तळटीप : अफूच्या मात्रेविषयी

* थोरल्या काकांना रोज पचणारा हरभऱ्याएवढा अफूचा खडा शेजारच्या तरण्याबांड गड्यास कसा भोवला, याविषयी लेखकाने वर आश्चर्य व्यक्त केले आहे; वस्तुतः त्यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही. खसखशीच्या बोंडाच्या चिकातून जे मॉर्फिन झेर्ट्युर्नर या जर्मन औषधकाराने १८०५ च्या सुमारास वेगळे काढले, ते मेंदूतील व मज्जारज्जूतील ज्या ग्राहकांवर बसून वेदना बोथट करते, त्याच जातीचे ग्राहक श्वसनकेंद्रातही असल्यामुळे, वेदनेचे शमन आणि श्वासाची मंदता ही दोन्ही कार्ये जणू एकाच हुकमाने चालतात. नित्य सेवनाने हे ग्राहक पुरती दाद देईनासे होतात, आणि पूर्वीचाच अंमल चढण्यास मात्रा वाढवावी लागते. मात्र बद्धकोष्ठ आणि टाचणीच्या टोकाएवढी झालेली डोळ्याची बाहुली ही लक्षणे मुरलेल्या अफूबाजालाही सहसा सोडत नाहीत. शिवाय ही सहनशक्ती म्हणजे कायमची मिरास नव्हे : तुरुंगात काही आठवडे अफू सुटलेला मनुष्य बाहेर येऊन जुनीच मात्रा घेतो, तेव्हा त्याचा जीव नवख्याइतकाच धोक्यात असतो. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना निजविण्यासाठी जी अफूची बाळगोळी देत, तिला लेखक पुढील परिच्छेदात ‘निरुपद्रवी’ म्हणतात, ते संपादकास मान्य नाही. तान्ह्या मुलाचे श्वसनकेंद्र अपक्व असल्याने अत्यल्प मात्राही त्यास घातक ठरू शकते.