गाव दत्तक कोणी दिले?

विद्यापीठीय विस्तारकार्याच्या अहवालांतून ‘दत्तक गाव’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही. दत्तकविधानात घेणारा लागतो तसा देणाराही लागतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यानेही प्रत्यक्ष देणे-घेणे झाल्याखेरीज दत्तक ग्राह्य धरलेले नाही. मग आमच्या महाविद्यालयांनी आदिवासी पाडे दत्तक घेतले, तेव्हा ते दिले कोणी? शिवाय दत्तक जाते ते मूल. स्वतःची भाषा, स्वतःची पंचायत आणि जंगलाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान असलेल्या समाजाला मूल ठरविण्याचा अधिकार विद्यापीठाला कोठून मिळाला?

दलित चळवळीला हा प्रश्न नवा नाही. पुणे करारानंतर सहाच दिवसांनी, ३० सप्टेंबर १९३२ रोजी, अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था मुंबईच्या सभेत जन्माला आली. तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून संस्थेचे सरचिटणीस अ. वि. ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिले. गावच्या विहिरी, शाळा, चावडी यांवरील नागरी हक्कांसाठी मोहीम उघडा, कामाला माणसे शक्यतो अस्पृश्यांमधूनच घ्या, असे त्यात सुचविले होते. व्यसनमुक्ती आणि स्वच्छता शिकवून माणसे सुधारत बसण्यापेक्षा त्यांच्या भोवतालची सामाजिक परिस्थिती बदला, हा त्या पत्राचा गाभा होता. पत्राची पोचसुद्धा आली नाही, असे बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस व गांधीजींविषयीच्या ग्रंथात नोंदविले आहे.

संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही, याचे गांधीजींनी दिलेले उत्तर मोठे बोलके आहे. हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, कर्ज त्यांनी फेडायचे आहे, तेव्हा कारभारही त्यांचाच; अस्पृश्यांनी हवी तर सल्लागार मंडळे करावीत. म्हणजे ज्याचे देणे आहे त्याला हिशेबाच्या वहीपासून दूर ठेवायचे! गांधीजींच्या हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही. पण ‘सल्लागार’ या शब्दाचा हा उगम विसरू नये. आज एखाद्या प्रकल्पाच्या कागदावर ‘स्थानिक सल्लागार समिती’ असे वाचले की मला ते १९३२ साल आठवते.

आणखी एक धागा येथे जोडला पाहिजे. याच ठक्करांनी, म्हणजे ठक्करबाप्पांनी, १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढले होते. अस्पृश्यांची सेवा आणि आदिवासींची सेवा या दोन्हींच्या मागे एकच दृष्टी होती: सेवा करणारा ठरवणार, सेवा घेणारा स्वीकारणार. त्यांच्या कष्टांची थोरवी मी नाकारत नाही. परंतु स्वातंत्र्यानंतर विद्यापीठे जेव्हा खेड्याकडे वळली तेव्हा हीच दृष्टी त्यांनी उचलली, असे मला वाटते.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. त्या वर्षी ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी तीत होते. १९७७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे उच्च शिक्षणाचे तिसरे अंग म्हणून मान्य केले. २०१४ पासून उन्नत भारत अभियानात शिक्षणसंस्था गावे निवडतात, घरोघर पाहणी करतात. अर्धशतकाचा हा पसारा. त्यात किती विद्यार्थी, किती तास, किती झाडे, किती लाभार्थी, या सर्वांना रकाने आहेत. ‘गावाने काय मागितले?’ हा रकाना मात्र शोधावा लागतो.

माझ्या लहानपणी आमची वस्तीही एका महाविद्यालयाने अशीच दत्तक घेतली होती. मुले-मुली आली, गल्ली झाडली, भिंतीवर म्हणी रंगविल्या, आयाबायांना ‘तुम्ही रोज आंघोळ करता का?’ असे विचारून कागदावर खुणा केल्या. वस्तीला नळ नव्हता. तो प्रश्न त्या कागदावर नव्हता. माझी आई इतकेच म्हणाली, “आंघोळीचं इचारलं, पाण्याचं नाही इचारलं.” आज सेवा योजनेचे काम माझ्याकडे आहे आणि कातकरी वाडीत शिरलो की मीच ‘साहेब’ असतो. आपल्यातले अनेक शिक्षक आता या जागी आहेत. जन्माने आपण दलित असलो तरी हातातला फॉर्म विद्यापीठाचाच असतो.

शिबिरांचे वेळापत्रकच पाहा. सात दिवसांची विशेष शिबिरे बहुधा हिवाळ्यात, परीक्षा सांभाळून ठेवतात. रायगड-ठाण्याकडील कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ते पावसाच्या तोंडाशी परततात. मागे वाडीत राहतात म्हातारीकोतारी आणि थोडी पोरे. त्यांच्यापुढे आपण पथनाट्य करतो! शिबिराआधी कोणी एका म्हाताऱ्याला विचारले असते तरी पुरे होते.

१९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात पंचायतीला विकासाची योजना राबविण्यापूर्वी ग्रामसभेची मान्यता घ्यावी लागते. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. शासनाच्या पंचायतीला जे बंधन आहे ते ज्ञानाच्या नावाने येणाऱ्या विद्यापीठाने आपणहून का पाळू नये?

विचारायचे कसे, याचे उत्तर गडचिरोलीत सापडते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गोंडांचे छोटे गाव. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टनम धरणांविरुद्ध जिल्हा पेटला होता. त्या मंथनातून या गावाने स्वतःची रीत घडविली. देवाजी तोफा हे गावचे, मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून येऊन साथ देणारे. येथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरच्याने बसावे, माहिती द्यावी, वाद घालावा. निर्णय मात्र ग्रामसभाच घेते, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. याच गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभा स्वतः देऊ लागली. विद्वानाला येथे मज्जाव नाही. त्याची जागा ठरवून दिलेली आहे. बाबासाहेबांच्या पत्राला न मिळालेले उत्तर मला या व्यवस्थेत दिसते.

एकदा होकार घेतला की काम संपत नाही, हे मात्र दूरच्या एका उदाहरणावरून ध्यानात घ्यावे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई जमातीत मधुमेह फार. त्याच्या अभ्यासासाठी १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचे रक्त घेतले. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा आणि जमातीच्या स्थलांतराचा अभ्यास झाला. २००३ साली एका प्रबंधाच्या जाहीर तोंडी परीक्षेला जमातीतील एक स्त्री श्रोत्यांत बसली होती, म्हणून हे उघडकीस आले. जमातीने विद्यापीठाला आपल्या भूमीवर बंदी घातली, दावा लढविला. २०१० च्या तडजोडीत सात लाख डॉलर मिळाले आणि रक्ताचे नमुने परत आले.

तेव्हा आपल्या विद्यापीठांतील समित्यांवर बसणाऱ्या सहकाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. प्रकल्पाचा खर्च मंजूर होण्यापूर्वी, पाड्याच्या बोलीत आणि माणसे घरी असतील त्या महिन्यात, ग्रामसभा भरावी. तिचा ठराव प्रस्तावाला जोडलेला असावा. काम मध्येच बदलले तर पुन्हा ग्रामसभेपुढे जावे. आणि गावाने ‘नको’ म्हटले, तर तो ठरावही वार्षिक अहवालात छापावा, झाडांच्या संख्येच्या वर.