गोदातीरींचे लाहोरी

परदेशगमन म्हटलें कीं आगबोट, काळें पाणी आणि विलायतेंतील धुकें हीं डोळ्यांपुढें येतात. परंतु समुद्र न ओलांडतांही मनुष्य परदेशीं जाऊं शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लाहोराकडून निघून नांदेडास येऊन राहणें हें अशाच प्रकारचें परदेशगमन होतें. लाहोरास महाराजा रणजितसिंगाचा अंमल, तर नांदेडावर हैदराबादच्या निजामाचा. तेथें नानकशाही रुपया चाले, येथें निजामाच्या टांकसाळीचा. तेथें पांच नद्या, येथें एकटी गोदावरी. मध्यें हजार मैलांहून अधिक अंतर, आणि तें बैल, उंट, घोडा किंवा स्वतःचे पाय यांच्या बळावर तोडावयाचें. या वाटेनें जीं कुटुंबें आलीं त्यांचे वंशज आज नांदेडकर म्हणूनच ओळखले जातात. बाहेरचे लोक त्यांना दख्खनी शीख म्हणतात.

नांदेडच कां, याचें उत्तर १७०८ सालांत सांपडतें. औरंगजेब १७०७ मध्यें निवर्तल्यावर त्याच्या मुलांत तक्तासाठीं युद्ध झालें आणि बहादुरशहा विजयी झाला. त्याच्या छावणीबरोबर शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंग दक्षिणेंत उतरले आणि १७०८ मध्यें गोदावरीच्या कांठीं थांबले. तेथेंच माधोदास नांवाचा बैरागी मठ करून राहत होता. गुरूंचा शिष्य होऊन तोच पुढें बंदा या नांवानें पंजाबांत गेला आणि १७१० सालीं त्यानें सरहिंद घेतलें. इकडे मारेकऱ्यांच्या हल्ल्यांत झालेली जखम उलटून ऑक्टोबर १७०८ मध्यें गुरूंचा अंत झाला. आपल्यामागें देहधारी गुरु नाहीं, ग्रंथ हाच गुरु, असा त्यांचा अखेरचा आदेश शीख परंपरा सांगते. ज्या जागीं त्यांच्या देहास अग्नि दिला ती जागा अबचलनगर, म्हणजे न ढळणारें नगर, या नांवानें पवित्र झाली.

गुरूंबरोबर आलेले बहुतेक लोक उत्तरेकडे परतले. कांहीं मात्र मागें राहिले. भाई संतोखसिंग यांनीं येथें राहून लंगर चालवावा अशी गुरूंची आज्ञा होती, असें परंपरा सांगते. रणांगणावर तलवार गाजविलेली माई भागो बिदरजवळ जनवाडा येथें जाऊन राहिली. पण मूठभर माणसांची वस्ती म्हणजे समाज नव्हे. पुढचीं शंभराहून अधिक वर्षें या स्थानाची निगा थोड्या निष्ठावंतांच्या हातीं राहिली. नांदेडच्या घाटावर स्नानास येणाऱ्या इतर असंख्य लोकांच्या दृष्टीनें तें नदीकांठच्या अनेक स्थानांपैकीं एक होतें.

हें चित्र पालटलें तें दोन मुत्सद्दी पुरुषांमुळें. एक रणजितसिंग, दुसरा निजामाचा कारभारी महाराजा चंदूलाल. चंदूलाल हा मूळच्या उत्तरेकडील खत्री घराण्यांतला. खजिना रिकामा, जमीनदार माजलेले आणि वसूल हातीं येत नाहीं, अशा राज्याचा गाडा तो हांकीत होता. वसूल आणण्यास व तो सुखरूप पोंचविण्यास त्याला कणखर माणसें हवीं होतीं. रणजितसिंगास आपल्या गुरूच्या अंत्यस्थळीं शोभेल असें मंदिर हवें होतें. दोघांची गरज एकमेकांत नीट बसली. १८३२ ते १८३७ या काळांत नांदेडास आजचें दुमजली, सोनेरी घुमटाचें मंदिर उभें राहिलें. त्यासाठीं पंजाबांतून कारागीर आले आणि त्यांच्या मागेंपुढें शिपाई. निजामाच्या नोकरींत शिरलेल्या या शिपायांना लोक लाहोरी फौज म्हणूं लागले. त्यांचें मुख्य ठाणें हैदराबादेजवळ अत्तापूरच्या बाजूस होतें, तरी मन नांदेडाकडे. नोकरी हैदराबादची आणि देव नांदेडचा, अशी त्यांची वांटणी होती.

त्यांपैकीं एका शिपायाच्या घराची कल्पना करून पाहावी. आलेला तरुण बहुधा दोनचार वर्षांच्या हिशेबानें आला असेल. शिपाई घर सोडतो तो परतण्याच्या बोलीवरच. कोणी बायकामुलें मागाहून आणविलीं. कोणी येथल्याच मुलीशीं लग्न केलें, तिनें अमृत घेतलें आणि ती शिखीण झाली. या दुसऱ्या प्रकारच्या घरांचा इतिहास लिहितांना बखरी उपयोगीं पडत नाहींत. गुरुमुखी बाणी नवऱ्याच्या मुखांतून येई, पण चूल बायकोच्या हातीं होती, आणि या मुलखांत चुलीवर पिकतें तें ज्वारीचें. गव्हाच्या रोटीवर वाढलेल्या माणसास भाकरीची संवय लागण्यास किती दिवस लागले असतील कोण जाणे! मुलांना आईची बोली आधीं आली, शेजारपाजाऱ्यांची तिच्याबरोबर, आणि बापाची पंजाबी सर्वांत शेवटीं. एकदोन पिढ्यांत घरांत दख्खनी हिंदुस्थानी, बाजारांत मराठी आणि ग्रंथापुढें गुरुमुखी, अशी भाषांची व्यवस्था लागली. तेलंगणांत राहिलेल्यांच्या घरीं मराठीची जागा तेलुगूनें घेतली. नांवें मात्र सिंग आणि कौर हींच राहिलीं, व केस आणि कृपाण यांच्या बाबतींत तडजोड झाली नाहीं.

येथें एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. या शिपायांच्या पांचशें वर्षें आधीं याच मुलखांतला एक मनुष्य उलट दिशेनें गेला होता. नांदेडपासून फार लांब नसलेली नरसी हें ज्यांचें जन्मस्थान मानतात ते संत नामदेव पंजाबांत गेले, गुरुदासपुराकडील घुमान येथें राहिले, आणि त्यांचीं ६१ पदें शिखांच्या ग्रंथसाहिबांत समाविष्ट झालीं. तेव्हां लाहोरी शिपाई जो ग्रंथ डोक्यावर घेऊन गोदावरीकांठीं आला त्यांत नामदेवाची वाणी आधींच होती. त्यानें परक्या मुलखांत आणलेल्या सामानांत एक वस्तु त्याच मुलखाची होती! २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथें भरलें तेव्हां हें नातें पुष्कळांना नव्यानें कळलें.

१८३९ मध्यें रणजितसिंग वारला आणि दहा वर्षांत, १८४९ सालीं, इंग्रजांनीं पंजाब खालसा केला. नांदेडच्या व हैदराबादच्या लाहोरी शिपायास या वार्तेचा अर्थ चटकन् कळला असेल. ज्या दरबाराच्या नांवानें तो ओळखला जात होता तो दरबारच उरला नव्हता. लातूरच्या पेठेंत व्यापारासाठीं आलेल्या मारवाडी कुटुंबाशीं याची तुलना करावी. मारवाड्याचें मूळ गांव जागेवर होतें; लग्नकार्यास जावें, सोयरीक करावी, परत पेढीवर यावें. लाहोरी शिपायाची तशी सोय राहिली नाहीं. रेल्वे नव्हती, आणि पंजाबांतील घराणीं दक्षिणेंत मिसळलेल्या या लोकांशीं सोयरीक करण्यास फारशीं राजी नसत. त्यामुळें लग्नें आपसांत, म्हणजे नांदेड, हैदराबाद आणि बिदरच्या वस्त्यांत होऊं लागलीं. एका फौजेची अशी एक जात बनली, जरी त्यांच्या धर्मास जात मान्य नव्हती.

यापुढचा प्रकार विशेष विचार करण्यासारखा आहे. पंजाबांत १८७३ पासून सिंगसभेची चळवळ सुरू झाली. १९२० नंतर अकाली आंदोलनानें गुरुद्वारे महंतांच्या हातून काढून घेतले. १९४५ सालीं शीख आचाराचा एकच नियमग्रंथ मान्य करण्यांत आला. या सुधारकांस जें जें जुनें, हिंदु रीतींशीं जुळणारें वाटलें तें गळूं लागलें. नांदेडास मात्र दिव्यांची आरती, चंदनाचा टिळा, शस्त्रांची पूजा, ग्रंथसाहिबाबरोबर दशम ग्रंथाचा पाठ आणि सणावारीं बोकडाचा झटका हें सर्व चालूच राहिलें. मंदिराचा मुख्य जथेदार आजन्म ब्रह्मचारी असावा हा नियमही टिकला. दसऱ्यास व होळीस घोड्यांसह निघणारा हल्ला नगरवासी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले. पंजाबी पाहुण्यास वाटे कीं हे लोक दक्षिणेंत राहून भ्रष्ट झाले. नांदेडकरास वाटे कीं गुरूंच्या वेळची रीत आपण राखली आणि बदलले ते पंजाबवाले. घर सोडून गेलेला माणूस घरच्या रीती अधिक घट्ट धरतो हें जगांत अनेक ठिकाणीं दिसतें. पण येथें वादाचा निकाल देणें सोपें नाहीं, कारण दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे.

१९०० सालीं हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला आणि यात्रेकरू वाढले. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें. निजामाच्या फौजा गेल्या, आणि त्यांबरोबर शंभर वर्षें ज्या पगारावर हीं घरें चालत होतीं तो पगारही गेला. तलवारीवर पोट असलेल्या लोकांस शेती, दुकान, मोटार, कारखाना यांकडे वळावें लागलें. पहिल्या परदेशगमनापेक्षां हें दुसरें स्थलांतर कठीण असावें. कारण यांत गांव तोच राहिला, पण त्या गांवांतली आपली जागा नाहींशी झाली.

१९५६ सालीं हैदराबादच्या विधिमंडळानें नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठीं स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरास मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेला आणि १९६० पासून तो महाराष्ट्रांत आहे. मंदिराचा कारभार कोणी पाहावा, स्थानिक शिखांनीं कीं साऱ्या देशांतील शिखांनीं मिळून, हा प्रश्न मात्र कायद्यानें मिटला नाहीं. तो अधूनमधून उठतोच. २००८ मध्यें गुरुगादीची त्रिशताब्दी झाली तेव्हां शहराचे रस्ते रुंद झाले, विमानतळ झाला आणि लाखो लोक येऊन गेले. अमृतसराहून येणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमधून आजही जथे उतरतात. स्थानकावर त्यांना वाट सांगणारा दाढीवाला रिक्षावाला पंजाबींत बोलेल अशी त्यांची अपेक्षा असते. तो हिंदींत उत्तर देतो, आणि शेजारच्या रिक्षावाल्याशीं मराठींत हुज्जत घालतो.

दिवाळीच्या आधीं तख्तस्नान असतें. त्या दिवशीं आबालवृद्ध नदीवर जातात, घागरी भरून आणतात आणि मंदिर आंतून गोदावरीच्या पाण्यानें धुतलें जातें, जुनीं शस्त्रें स्वच्छ केलीं जातात. एरव्हींही मंदिरास लागणारें पाणी रोज पहांटे नदीवरूनच येतें. घागर घेतलेला सेवेकरी उजाडण्यापूर्वीं घाटाकडे निघतो आणि भरलेली घागर घेऊन मंदिरांत परततो.