तैलचित्रावरील व्हार्निश

१२. येथे ‘व्हार्निश’ म्हणजे पूर्ण झालेल्या तैलचित्रावर शेवटी दिला जाणारा राळेचा पारदर्शक थर होय. तो धूळ, धूर आणि ओरखडे स्वतःवर झेलतो आणि सुकताना निस्तेज झालेल्या गडद रंगांना त्यांची खोली परत देतो. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, तर हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, म्हणून चित्र हाताला कोरडे लागले तरी ६ ते १२ महिने थांबण्याची जुनी शिस्त आहे आणि जाड रंगलेपनाच्या चित्रांबाबत ती पाळणेच योग्य. परंपरेने मॅस्टिक किंवा डॅमर (रस्त्यावरच्या डांबराशी याचा संबंध नाही) या झाडांपासून मिळणाऱ्या राळा टर्पेंटाइनमध्ये विरघळवून वापरल्या जात. त्या कालांतराने पिवळ्या, पुढे तपकिरी होतात, आणि म्हणूनच खालच्या रंगाला धक्का न लावता काढता येणे हा व्हार्निशचा सर्वांत मोठा गुण मानावा लागतो. रेम्ब्राँच्या १६४२ मधील चित्राला ‘नाइट वॉच’ हे नाव पुढे पडले ते काळवंडलेल्या व्हार्निशमुळे आणि मळामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते स्वच्छ केले गेले, तेव्हा प्रसंग दिवसाचा असल्याचे स्पष्ट झाले. याउलट पिसारो आणि मोने यांना रंगांचा चकाकी नसलेला मूळ पोत हवा असल्याने त्यांनी अनेक चित्रे व्हार्निशविना ठेवणे पसंत केले; अशा चित्रांवर नंतर इतरांनी चढवलेल्या चकाकीने त्यांची हानीच झाली आहे. दमट हवेत दिलेले व्हार्निश धुरकट पडू शकते, तेव्हा कोकणपट्टीत हे काम पावसाळ्यात करू नये.