पानाची भाषा, बोटाची भाषा

आमच्या पर्वत पाटियातले बरेच लोक कापड बाजारात पोटापाण्याला जातात. सौदा कसा होतो, किती शब्द बोलायचे आणि किती गिळायचे, हे इथं पोरांनाही कळतं. पण घरी पत्ते निघाले की मोठी माणसं नाक मुरडतात. आपल्याकडं सप्तव्यसनांत पहिलं नाव जुगाराचंच. म्हणून ब्रिजबद्दल लिहिताना आधी सांगते, हा डाव पैशाविना खेळला तरी पुरता रंगतो.

ब्रिजमध्ये चार जण, दोन जोड्या. हुकूम ठरवून डाव करणाऱ्याचा भिडू आपले पत्ते टेबलावर उघडे मांडतो आणि दोन्ही हात डाव करणाराच खेळतो. त्याला आपली सव्वीसही पानं दिसतात. त्याला अडवणाऱ्या दोघांना मात्र एकमेकांचा हात दिसत नाही आणि बोलायची तर बंदी! मग करायचं काय? पानानंच बोलायचं. भिडूनं बदामाचा एक्का उतरला, माझ्याकडं बदामाची अठ्ठी आणि तिर्री दोनच पानं आहेत. मी आधी अठ्ठी टाकते, मग तिर्री. मोठं आधी, लहान नंतर. म्हणजे, ‘बाई गं, तिसऱ्यांदा बदामच खेळ, मी हुकमानं मारते.’

ही युक्ती ब्रिजपेक्षा जुनी. 1834 च्या सुमारास लॉर्ड हेन्री बेंटिंक यानं व्हिस्टमध्ये ती आणली. तिथं तिचा अर्थ ‘हुकूम खेळ’ असा होता. बंदर सोडणाऱ्या जहाजावरच्या निशाणावरून तिला ‘ब्लू पीटर’ नाव पडलं.

आता आपल्या बाजूची गोष्ट. फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये सतराव्या शतकात सुरतेला अनेकदा उतरला. दख्खनच्या खाणींवरचे हिऱ्यांचे सौदे त्यानं लिहून ठेवलेत. कपड्याआड हातात हात. अख्खा पंजा धरला तर हजार, पाच बोटं म्हणजे पाचशे, एक बोट म्हणजे शंभर. भोवती माणसं बसलेली असत, पण भाव दोघांनाच कळे. महाराष्ट्रातल्या बाजारांतही रुमालाखाली असे सौदे होत आले आणि माल आणणारा शेतकरी कितीदा नुसता बघत राहिला.

दोन्ही ठिकाणी मुकेपणानंच बोलणं आहे, मग फरक कुठं? ब्रिजमध्ये संकेताचा अर्थ समोरच्यालाही विचारायचा हक्क आहे आणि तो सांगावाच लागतो. संकेत पानातूनच द्यायचा. बोट, डोळा, खोकला चालत नाही. 1965 मध्ये ब्युनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या ब्रिटिश जोडीवर पत्ते धरलेल्या बोटांनी बदामांची संख्या कळवल्याचा आरोप आला. जागतिक संघटनेनं त्यांना दोषी धरलं, तर लंडनच्या चौकशीनं पुढं निर्दोष. 1975 मध्ये बर्म्युडाला भिडूंमध्ये आडवा पडदा लावला, तर एका इटालियन खेळाडूचे पाय भिडूच्या पायाला लागताना दिसले! मग टेबलाखालीही आडोसा करावा लागला.

उघड संकेताची किंमतही मोजावी लागते. माझी अठ्ठी भिडूआधी प्रतिस्पर्धी वाचतो आणि सावध होतो. म्हणून चांगला खेळाडू कधी कधी गप्पच राहतो.

2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत साठीच्या आसपासचे प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी भारताला ब्रिजचं सुवर्ण मिळवून दिलं. पत्त्यांना नाक मुरडणाऱ्यांनी ही जोडी जरूर आठवावी. दोघांतलं गुपित तिसऱ्यासमोर उघडं ठेवून जिंकणं, हे बाजारातही सोपं नाही.