मुंबईचा पहिला बागवाडा

सोळाव्या शतकात इटलीतील धनिकांनी तटबंदीचे वाडे सोडून मळ्यांत प्रशस्त, उघडी घरे बांधली. पल्लादिओ या शिल्पज्ञाची व्हिचेन्झा नगराबाहेरील ‘व्हिला रोतोंदा’ त्यांत विख्यात होय. पोर्तुगालात अशा घरास ‘किंता’ म्हणत. गोवे जिंकणाऱ्या आल्बुकर्कच्या पुत्राने लिस्बनच्या दक्षिणेस सजविलेल्या ‘बाकाल्योआ’ किंतेत घर, तलाव आणि उद्यान यांचा सुरेख मेळ आढळतो.

हीच कल्पना सागर ओलांडून मुंबईस आली. गार्सिया द ऑर्ता हा वैद्य १५३४ साली गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहासही तो औषधोपचार करी. सुमारे १५५४ मध्ये मुंबई बेट त्यास खंडाने मिळाले. ज्या पूर्व किनाऱ्यावरून बंदरापलीकडे आज नवी मुंबईची भूमी दिसते, तेथे त्याचा बागवाडा होता, असे परंपरा सांगते. मुंबईतील आपला एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, असे त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधीविषयक ग्रंथात नमूद केले आहे. त्या ग्रंथाचा लॅटिन सारांश १५६७ मध्ये अँटवर्प येथे निघाला व युरोपास हिंदी वनस्पतींची ओळख झाली.

ऑर्ता सक्तीने ख्रिस्ती झालेल्या यहुदी कुळातील होता. १५६८ साली तो वारला. पुढील वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या भगिनीस गोव्यात जिवंत जाळले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या.

वाड्याचे दैवही पालटले. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी याच घरात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या स्वाधीन केली. त्या वेळी तेथे दोना इनेस द मिरांदा ही विधवा राहत होती. १६६८ मध्ये बेट वार्षिक दहा पौंड भाड्याने कंपनीकडे गेले आणि घराभोवती तट चढला. १६७३ साली आलेला डॉक्टर फ्रायर लिहितो की, हिंदुस्थानात रमणीय म्हणून गाजलेल्या त्या उद्यानाच्या छायामार्गांवर तोफा आणि लताकुंजांच्या जागी पहाऱ्याचे बुरूज आले.

मळ्यातील उघडे घर शांततेवर विसंबून असते. शत्रूचे भय वाटू लागताच प्रथम त्याची बाग जाते. आज त्या किल्ल्याचे अवशेष नौदलाच्या ‘आंग्रे’ तळात आहेत. ज्या कान्होजींनी पोर्तुगीज व इंग्रज दोघांसही जेरीस आणले, त्यांचेच हे नाव! उद्यान नामशेष झाले. ऑर्ताचा ग्रंथ मात्र अभ्यासक अद्याप वाचतात.