आयुष्यात एकदाच: वैमानिक निवडीच्या यंत्राची कुळकथा

भारतीय हवाई दलात वैमानिक होण्याच्या वाटेवर एक परीक्षा अशी आहे, की ती आयुष्यात एकदाच देता येते. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा वय उलटेपर्यंत पुन्हा देता येते. एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या, पाच दिवसांतून हात हलवत परतलेली मुले पुढच्या खेपेला रेकमेंड होतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. सीपीएसएस, म्हणजे संगणकावरची वैमानिक निवड चाचणी, मात्र एकदा नापास झाली की फ्लाइंग शाखेचे दार कायमचे बंद. पुढे उमेदवार सीडीएस, एनसीसी, एएफकॅट अशा कोणत्याही प्रवेशमार्गाने येवो, उडण्यासाठी तो अपात्रच.

या दारापर्यंत पोहोचणेही सगळ्यांना सोपे नाही. सुरतेचेच पाहा. तिथल्या लिंबायत, उधना, पांडेसरा भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. भुसावळ, जळगाव, नंदुरबारकडून तापी खोऱ्यातल्या रेल्वेने माणसे आली, यंत्रमागांवर आणि डाइंग मिलमध्ये कामाला लागली आणि इथलीच झाली. महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यम आजही आहे. अशा घरातल्या मुलाने ‘फौजेत जातो’ म्हटले तर पुढे काय करायचे ते गल्लीतल्या कोणालाही विचारावे: पहाटे उठून पळायचे, बैठका मारायच्या, भरतीच्या जाहिरातीवर डोळा ठेवायचा. ‘पायलट होतो’ म्हटले की घरात शांतता पसरते. निवडीचे बोर्ड तसे लांब नाही. अहमदाबादपर्यंत सव्वादोनशे किलोमीटरचा रेल्वेप्रवास, तिथून पुढे गांधीनगर; हवाई दलाचे तिसऱ्या क्रमांकाचे निवड मंडळ तिथेच. अडचण अंतराची नाही, ठामपणे सांगितल्या जाणाऱ्या एका वाक्याची आहे: त्या परीक्षेची तयारी होत नसते, ते अंगातच असावे लागते.

हे वाक्य शंभर वर्षांहून जुने आहे आणि अर्धेच खरे आहे. त्याची मुळे पहिल्या महायुद्धात सापडतात.

विमान हे युद्धाचे साधन झाले तेव्हा ते कोणाच्या हाती द्यायचे हे ठरवायला कुठलीच रीत नव्हती. इंग्लंडमध्ये घोडेस्वारी येणाऱ्याला झुकते माप मिळे; लगाम हलक्या हाताने धरणारा विमानाची दांडीही तशीच धरेल, असा तर्क होता. प्रशिक्षणातल्या अपघातांत तरुण शेकड्यांनी मरू लागले तेव्हा प्रयोगशाळांकडे नजर वळली. फ्रान्समध्ये झाँ कामू आणि आन्री नेप्पर या दोन डॉक्टरांनी उमेदवाराच्या प्रतिसादाचा वेग सेकंदाच्या शतांशात मोजायला सुरुवात केली. पुढची चाचणी त्याहून कडक होती. उमेदवाराच्या हाताला, छातीला नोंदी घेणारी उपकरणे जोडलेली असत आणि त्याला कल्पना नसताना पाठीमागे पिस्तुलाचा बार उडवला जाई. श्वास किती चुकला, नाडी किती धावली, बोटे किती थरथरली, हे सारे कागदावर उमटे. इटलीत अगोस्तिनो जेमेल्ली याच कामाला लागले होते. अमेरिकेत रॉबर्ट बारानी यांच्या नावाची फिरती खुर्ची आली: वीस सेकंदांत दहा गिरक्या द्यायच्या आणि थांबल्यावर डोळ्यांची बुबुळे किती वेळ हिंदकळतात ते घड्याळ लावून पाहायचे. ही खुर्ची निवडीतून गेली, पण वैमानिकांना दिशाभ्रम समजावून द्यायला आजही तीच वापरतात.

त्या युद्धात मुंबईचा एक मराठी तरुणही उडत होता. केंब्रिजला शिकलेले श्रीकृष्ण वेलिणकर रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले, डॉल्फिन जातीचे लढाऊ विमान चालवू लागले आणि जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारले गेले. त्याच युद्धातले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय आणि हरदितसिंग मलिक यांची नावे थोडी तरी घेतली जातात. वेलिणकरांचे नाव महाराष्ट्रातही फारसे कोणी घेत नाही, याची खंत वाटते.

दोन युद्धांच्या मधल्या काळात निवडीचे खरे यंत्र जन्माला आले. अमेरिकी सैन्यातल्या नीली मॅशबर्न यांनी १९३० च्या दशकात दांडी आणि पायातले रडर जोडलेला एक सांगाडा बनवला. समोर दिव्यांच्या रांगा. जो दिवा लागेल त्याच्या जोडीचा दिवा हातापायांच्या एकाच सुसंगत हालचालीने पेटवायचा. तोवरच्या चाचण्या नाडी, श्वास, कान, डोळे असे एकेक अवयव तपासत. इथे उडण्याचा मूळ व्यवहारच जमिनीवर उतरवला गेला: डोळ्यांनी पाहायचे आणि हात-पाय एकाच वेळी वेगवेगळे हलवायचे.

पण अशा चाचण्यांवर विश्वास का ठेवायचा? याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळाले. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्या गटाने अमेरिकी हवाई दलासाठी चाचण्यांचा संच तयार केला होता आणि प्रत्येक उमेदवाराला १ ते ९ असा अंक दिला जात होता. मग त्यांनी एक धाडस केले. हजाराहून अधिक तरुण चाचणीचा निकाल काहीही असो, थेट वैमानिक प्रशिक्षणाला पाठवले. त्यांच्यातला चौथा हिस्सासुद्धा वैमानिक झाला नाही, आणि वरचा अंक मिळालेल्यांचे टिकण्याचे प्रमाण खालच्या अंकवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. सुरतेच्या वाचकाला हा हिशेब वेगळा समजावायला नको. कच्चा हिरा घंटीवर चढवण्याआधी तासन्‌तास निरखला जातो, कारण चुकीचा पैलू पडला की माघार नाही. वैमानिकाच्या प्रशिक्षणाचा खर्च असाच परत न येणारा, आणि चुकीची किंमत कधी कधी जिवाची.

ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सने याच युद्धात दोन यंत्रे वापरात आणली आणि भारताची गोष्ट तिथून सुरू होते. एकाचे नाव सेन्सरी मोटर अपॅरेटस, म्हणजे एसएमए. दुसरे कंट्रोल ऑफ व्हेलॉसिटी, म्हणजे सीव्हीटी. स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाने हीच जोडी घेतली, तिला एक लेखी भाग जोडला आणि तिघांचे मिळून नाव पडले पायलट अ‍ॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट. मुलांच्या तोंडी पीएबीटी.

पीएबीटी दिलेल्या पिढ्यांना ही यंत्रे चांगलीच आठवतात. एसएमएच्या पडद्यावर एक ठिपका असे आणि तो कधी स्वस्थ बसत नसे. हातातल्या दांडीने त्याला वर-खाली सावरायचे, पायांनी रडर दाबून डावी-उजवीकडे, आणि काहीही करून मधल्या चौकटीत ठेवायचे. तेवढ्यात दिवे लागत, कानात आवाज घुमे; तेही मोकळ्या हाताने बंद करायचे. ठिपक्याकडे पाहावे तर दिवा राहून जाई, दिव्याकडे वळावे तर ठिपका निसटे. सीव्हीटीत ठिपक्यांची नागमोडी रांग सरकत येई आणि दांडी हलवून एकेक ठिपका गाठायचा असे. नवखा उमेदवार दांडी गच्च आवळून धरतो, जोरात ढकलतो, मग चूक सावरायला तितक्याच जोराने उलट ओढतो. ठिपका पार पलीकडे जातो. थोडक्या, लहान हालचाली करणारा टिकतो. पहिल्या महायुद्धातल्या घोडेस्वारांबद्दलचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता तर!

लेखी भागाचे नाव इन्स्ट्रुमेंट बॅटरी टेस्ट, आणि या सगळ्या कुळकथेत सर्वांत बोलका भाग तोच आहे. त्यात आधी उमेदवाराला शिकवले जाते. होकायंत्र कसे वाचायचे, उंचीमापकाचे काटे काय सांगतात, कृत्रिम क्षितिजाची रेघ तिरपी झाली की विमान कोणत्या अंगाला कलले, वेग आणि चढ-उताराचे प्रमाण कुठे दिसते, हे समजावून झाले की मग त्याच तबकड्यांची चित्रे पुढे ठेवून विचारतात: विमान आत्ता काय करते आहे? उत्तरेकडे तोंड करून चढते आहे, की उजवीकडे वळत खाली येते आहे? तबकड्यांचे ज्ञान कोणी घरून आणावे अशी अपेक्षाच नाही. नवे सांगितलेले किती झटकन डोक्यात बसते आणि घड्याळ चालू असताना ते वापरता येते का, हे तपासले जाते. ‘अंगातच असावे लागते’ या वाक्याला परीक्षेच्या रचनेतूनच मिळालेले हे उत्तर आहे.

मग एकदाच का? कारण ही यंत्रे सरावाने वश होतात. त्याच ठिपक्यामागे पाचव्यांदा धावणारा मुलगा पहिल्यांदा धावणाऱ्यापेक्षा चांगला दिसणारच, पण तो वैमानिक म्हणून चांगला आहे असे त्यातून ठरत नाही. सर्वांना सारखीच अनोळखी परिस्थिती मिळावी म्हणून संधी एकच ठेवली गेली. नियम कठोर आहे आणि मोडलेल्या मनाने परतणाऱ्या विशीतल्या मुलाला त्याचा तर्क पटणे अवघड आहे, पण तर्क आहे खरा.

या चाचणीभोवतीची एसएसबीची चौकट वेगळ्या घराण्यातली. अधिकाऱ्याची पारख मानसशास्त्रज्ञांनी करावी ही कल्पना जर्मन सैन्याने पहिल्या महायुद्धानंतर रुजवली. ब्रिटनने १९४२ मध्ये ती आपल्या पद्धतीने उभारली आणि १९४३ मध्ये डेहराडूनला भारतातले पहिले मंडळ बसले. १९४९ मध्ये दिल्लीत संरक्षण खात्याची मानसशास्त्रीय संशोधन शाखा सुरू झाली. तिचीच पुढे डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ सायकॉलॉजिकल रिसर्च ही संस्था झाली.

१९५८ मध्ये त्याच डेहराडूनला मद्रासहून एरोनॉटिकल इंजिनिअरिंग शिकलेला एक तरुण हवाई दलाच्या मुलाखतीला आला. जागा आठ होत्या आणि पंचवीस उमेदवारांत त्याचा क्रमांक नववा लागला. तो तरुण म्हणजे एपीजे अब्दुल कलाम. वैमानिक होण्याची त्यांची इच्छा किती तीव्र होती हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतः सांगितले आहे. पीएबीटीची जुनी यंत्रे काढून संगणकावर आधारित निवड चाचणी आणावी ही कल्पना याच कलामांची, आणि दिल्लीची ती मानसशास्त्र संस्था व बंगळुरूची एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट यांनी ती घडवली. २०१२ मध्ये सीपीएसएस सुरू झाली. ब्रिटनने आपली यंत्रे १९८० च्या दशकातच संगणकावर नेली होती. आपल्याकडे जुन्या जोडीने आणखी पाव शतक काम केले. आता पडदा संगणकाचा आहे, दांडीच्या जागी जॉयस्टिक आहे, पायांत पेडल आहेत, आणि हातापायांच्या मेळाबरोबर स्मरण, लक्ष, अवकाशाचे भान यांचीही परीक्षा होते.

भारतात शरीराच्या मोजमापाची गोष्ट या चाचण्यांहून जुनी. १९३२ मध्ये भारतीय हवाई दल स्थापन झाले तेव्हा इंग्लंडच्या क्रॅनवेलला शिकलेल्या पहिल्या सहा जणांपैकी पाच वैमानिक झाले. सहावे टंडन उंचीला कमी पडले आणि जमिनीवरच्या कामात गेले. आज नियम सेंटिमीटरमध्ये लिहिलेले आहेत: उंची किमान १६२.५, पायांची लांबी ९९ ते १२०, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४, बसलेल्या स्थितीतली उंची ८१.५ ते ९६. यातला एकही आकडा दिखाऊ नाही. पाय आखूड असले तर रडर पुरत नाही. बसल्यावरची उंची कमी पडली तर समोरचे नीट दिसत नाही, जास्त झाली तर डोके वरच्या काचेला टेकते. मांडी लांब असली तर संकटात आसनासह बाहेर फेकले जाताना गुडघे समोरच्या फळीवर आपटण्याचा धोका. सराव करून यातला कुठलाच आकडा बदलत नाही, म्हणून तो आधी मोजलेला बरा. भिंतीला पाठ टेकून ताठ बसायचे आणि आईने किंवा भावाने शिंप्याची टेप धरायची, एवढेच काम.

महाराष्ट्राने तयारीचा प्रश्न संस्था काढून सोडवायचा प्रयत्न केला. नाशिकला डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. देशातले पहिले सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात निघाले. पुढे हवाई दलप्रमुख झालेले प्रदीप नाईक तिथलेच विद्यार्थी. अधिकारी होणाऱ्या मराठी मुलांची संख्या वाढावी म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, म्हणजे एसपीआय, काढली. दहावीनंतर दोन वर्षे मुले तिथेच राहतात, अकरावी-बारावी करतात आणि एनडीएची तयारी करतात. मुलींसाठी अशीच संस्था आता नाशिकला आहे.

सुरतेतल्या मराठी मुलाला मात्र एसपीआय सहज मिळत नाही. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतो, आणि ज्याचे आजोबाच लिंबायतला येऊन स्थायिक झाले त्याचे सगळे कागद गुजरातचे. त्याच्या वाट्याचे सैनिक स्कूल जामनगरजवळच्या बालाचडीला, तेही १९६१ चेच. तिथला प्रवेश सहावी किंवा नववीत होतो, तेव्हा पायलट हा शब्द घरात उच्चारलाही गेलेला नसतो. दोन राज्यांच्या मधल्या या फटीत चांगली मुले निसटतात, आणि हे दुःख कोणत्याच आकडेवारीत दिसत नाही.

अशा मुलाला करता येण्यासारखे बरेच काही आहे. विमानातल्या मूळच्या सहा तबकड्या वहीत काढून त्यांची भाषा पाठ करता येते. दांडी पुढे ढकलली की नाक खाली जाते, मागे ओढली की वर, ही उलटी वाटणारी सवय स्वस्तातल्या जॉयस्टिकवर बोटांना लावता येते. परीक्षेच्या आदल्या रात्री नीट झोपता येते, कारण थकलेल्या हाताची हालचाल आधी बिघडते. आणि एएफकॅटचा अर्ज भरताना फ्लाइंगखालच्या ग्राउंड ड्यूटी शाखांचे पसंतीक्रमही विचारपूर्वक भरता येतात. बोर्डाने रेकमेंड केलेला उमेदवार सीपीएसएसमध्ये अडकला तर त्याचा विचार याच शाखांसाठी होतो, आणि त्या रकान्यात काहीच लिहिलेले नसेल तर तिथूनही परत फिरावे लागते.